लेसर-आघात संपीडन

लेसर-आघात संपीडन ही शक्तिशाली लेसरच्या साहाय्याने पदार्थात आघाततरंग निर्माण करून अतिउच्च दाबाखालील त्याच्या गुणधर्मांचा अभ्यास करण्याची प्रायोगिक पद्धत आहे. पृथ्वीच्या केंद्रस्थानी सुमारे ३६० गिगापास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जवळजवळ ३६ लाख पट दाब असतो. तेवढा व त्याहून अधिक दाब या पद्धतीने प्रयोगशाळेत क्षणमात्र निर्माण करता येतो.

कार्यपद्धती

काही नॅनोसेकंदांचा लेसर स्पंद नमुन्यावर केंद्रित केला असता पृष्ठभागाच्या पातळ थराचे तत्काळ प्लाझ्मात रूपांतर होते. प्लाझ्मा वेगाने बाहेर फेकला जातो आणि अग्निबाणाप्रमाणे त्याच्या प्रतिक्रियेने आघाततरंग नमुन्याच्या आत शिरतो. तरंगामागील दाब व घनता रँकिन-ह्यूगोनिओ समीकरणांवरून काढतात. ही समीकरणे वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांच्या अक्षय्यतेवर आधारलेली आहेत. त्यांसाठी लागणारे वेग प्रकाशीय व्यतिकरणमापकाने मोजतात, तर अणूंची रचना क्ष-किरण विवर्तनाने कळते. नमुना नष्ट होण्यापूर्वीच ही सर्व मापने पूर्ण करावी लागतात.

तीव्र आघाताने पदार्थ अतिशय तापून वितळतो. तो घनरूप राहावा म्हणून काही प्रयोगांत दाब क्रमाक्रमाने वाढवतात. अमेरिकेतील १९२ लेसर शलाकांच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीमध्ये या रीतीने हिऱ्यावर ५,००० गिगापास्कल दाब देण्यात आला; हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

महत्त्वाचे निष्कर्ष

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पॉलिस्टायरीनवर सुमारे १५० गिगापास्कल दाब दिला असता त्यातील कार्बनपासून सूक्ष्म हिरे तयार झाल्याचे आढळले. युरेनस व नेपच्यून यांच्या अंतर्भागातील कल्पित 'हिऱ्यांच्या पावसाला' यामुळे आधार मिळाला. रॉचेस्टर विद्यापीठातील ओमेगा लेसरवर केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पाण्याचे अतिआयनी बर्फ झालेले दिसले. या बर्फात ऑक्सिजनचे अणू जालकात स्थिर असतात, तर हायड्रोजनचे आयन द्रवाप्रमाणे वाहतात.

उपयोग व मर्यादा

ग्रहविज्ञान व संलयन संशोधन यांना या मापनांचा उपयोग होतो. अमेरिकेने १९९२ नंतर अणुस्फोट चाचणी केलेली नाही. तेथील अण्वस्त्रसाठ्याची विश्वासार्हता तपासण्यासाठीही अशी माहिती वापरली जाते. त्यामुळे या संशोधनाला वैज्ञानिक व सामरिक अशा दोन्ही बाजू आहेत. भारतात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात लेसरजन्य आघाततरंगांचा अभ्यास होतो.

ग्रहांच्या गाभ्यातील स्थिती कोट्यवधी वर्षे टिकते, तर प्रयोगातील स्थिती केवळ काही नॅनोसेकंद. मंदगतीने घडणारे स्थित्यंतर एवढ्या अल्पकाळात पूर्ण होईलच असे नाही. तापमानाचे अचूक मापनही कठीण असते. म्हणून हे निष्कर्ष हिऱ्याच्या ऐरणीत दीर्घकाळ दाब देऊन केलेल्या प्रयोगांशी ताडून पाहिले जातात.