थकलेल्या दराचा बोजा

दिल्ली विद्युत मंडळ मोडीत निघून १ जुलै २००२ रोजी राजधानीचे वीजवितरण, नवी दिल्ली पालिका व छावणीचे क्षेत्र वगळता, तीन कंपन्यांकडे गेले. ५१ टक्के मालकी खासगी उद्योगांची, ४९ टक्के राज्य सरकारची. निम्म्याच्या घरातील गळती पुढे एक आकडी झाली, हे यश नाकारण्याचे कारण नाही. मात्र खासगीकरण झाले तरी स्पर्धा आली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर मुंबई उपनगरांतील घरगुती ग्राहकाला पुरवठादार बदलता आला. रामकृष्णपुरम किंवा लक्ष्मीनगरच्या रहिवाशाला ती मुभा नाही. त्याचे संरक्षण नियामक आयोगाच्या भरवशावर.

आणि आयोगाने काय केले? वितरण कंपन्यांचा खर्च मान्य केला, दरवाढ मात्र पुढे ढकलली. कागदोपत्री या थकबाकीला ‘नियामक मत्ता’ म्हणतात. साध्या मराठीत ती ग्राहकाच्या नावावरची उधारी, तीही व्याजासह. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कालबद्ध रीतीने वसूल करण्याचा आदेश दिला. निकालात नोंदलेली दिल्लीची रक्कम सुमारे २७,२०० कोटी रुपये. २०१९ मध्ये सुरू झालेल्या दोनशे युनिटांच्या मोफत विजेने ही झळ झाकली गेली, इतकेच. अनुदान तिजोरीतून येते. उधारी दरातूनच फिटायची. बदलीवर नव्याने आलेल्या कर्मचाऱ्याचा पेच तर वेगळाच. दहा वर्षांपूर्वी भलत्यानेच जाळलेल्या विजेची बाकी त्याच्या बिलात येणार, आणि तक्रार निवारण मंचाकडे दाद मागावी, तर आयोगाने ठरवलेला दर तेथे बदलता येत नाही.