जंजिरा नावाच्या देशाचे फोटो

मोहोपाड्याहून मुरूडला निघणाऱ्या गाड्यांचा बेत ठरलेला असतो. दुपारी राजपुरी, होडीने जंजिरा, कलालबांगडी तोफेवर हात ठेवून फोटो, आणि अंधाराच्या आत परत. एवढ्यात किल्ला पाहून होतो, जंजिरा पाहून होत नाही. कारण १९४८ पर्यंत जंजिरा हे सिद्दी नवाबांचं संस्थान होतं. उत्तरेला कुंडलिकेची खाडी, दक्षिणेला बाणकोटची खाडी, पश्चिमेला समुद्र. क्षेत्रफळ सव्वातीनशे चौरस मैलांच्या आसपास, आणि काठेवाडातलं जाफराबादही याच नवाबांकडे. असा अख्खा चिमुकला किनारी देश आपल्यापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे.

पेण, वडखळ, अलिबाग करत रेवदंड्याला पोचलं की कॅमेरा बाहेर काढावा. इथे तटबंदी पोर्तुगीजांची आहे, १७४० मध्ये ती मराठ्यांकडे आली. साळावचा पूल ओलांडला की कोर्लई लागतं. त्या गावात आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात. माणसांचे फोटो काढायचे तर आधी दोन शब्द बोलून, विचारून काढावेत.

पुढे काशीद आणि मुरूडच्या मधलं दाट जंगल म्हणजे फणसाड. नवाबांचं हे शिकारीचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं. मुरूडजवळ टेकडीवर नवाबांचा राजवाडा दिसतो. तो खासगी आहे, त्यामुळे फोटो रस्त्यावरूनच.

किल्ल्याचं गणित मात्र उजेडाचं आहे, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. जंजिऱ्याचा मुख्य दरवाजा पूर्वेकडे, राजपुरीच्या बाजूला आहे. होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो तटात लपलेला राहतो. शत्रूला वाट सापडू नये अशीच ती रचना. सकाळी ऊन थेट दरवाज्यावर पडतं, तेव्हा हत्तींना पंजांत दाबून धरलेल्या शरभाचं शिल्प खोलीसकट उठून दिसतं. दुपारनंतर तोच तट काळा पडतो. म्हणून मोहोपाड्याहून पहाटेच निघावं, किंवा आदल्या रात्री मुरूडला मुक्काम करावा. मी तरी मुक्कामच सुचवेन. होडीत कॅमेऱ्याचा शटर वेग वाढवून ठेवावा, लाटेवर हात स्थिर राहत नाही. खारी हवा भिंगावर बसते, तेव्हा भिंग कोरड्या फडक्याने घासू नये.

किल्ल्याहून परतल्यावर खोकरीला थांबावं. राजपुरीपासून जवळच सिद्दींच्या दगडी कबरी आहेत. गर्दी जवळपास नसते, आणि कमानींवरचं कोरीवकाम सावकाश टिपता येतं. हे राज्य कोणी चालवलं, ते किल्ल्यापेक्षा मला इथे जास्त कळतं.

संध्याकाळ मुरूडच्या किनाऱ्यासाठी राखावी. समोर समुद्रात शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह द्यायला बांधलेला पद्मदुर्ग, म्हणजेच कासा. जंजिरा कोणालाच जिंकता आला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किल्ल्यापर्यंत पोचायला राजपुरीहून समुद्रात भरही घालून पाहिली होती. कासा मात्र त्या झुंजीची खूण म्हणून उभा आहे. त्याच्या तटात खाऱ्या वाऱ्याने दगड झिजलेत, पण मधला चुना तसाच आहे, मधाच्या पोळ्यासारखा. त्याचा जवळून फोटो हवा असेल तर होडी आधी ठरवावी लागते. पावसाळ्यात दोन्हीकडच्या फेऱ्या बंद असतात, तेव्हा हा बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आखावा.