मुंबईत बिऱ्हाड कोठे करावे? अंधेरी, बोरिवली, मुलुंड की घाटकोपर?

मे महिन्यात शाळेच्या परीक्षा संपल्या की गावाकडून मुंबईला बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबांची लगबग सुरू होते. कोणाला सिक्युरिटीत काम लागलेले असते, कोणाला वर्कशॉपमध्ये. कोणाची मुलगी नर्सिंग करून रुग्णालयात लागलेली असते. काम मिळाल्याचा आनंद चार दिवस टिकतो आणि मग खरा प्रश्न पुढे येतो, राहायचे कोठे? मामाच्या नाहीतर मावशीच्या दहा बाय बाराच्या खोलीत चार दिवस निघतात, चार महिने निघत नाहीत. म्हणून आमच्या कष्टकरी बंधुभगिनींसाठी या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार आम्ही येथे करीत आहोत.

आपल्या वाडवडिलांना निवड नव्हती. गिरणी, गोदी, रेल्वे, नगरपालिका जेथे काम देईल तेथेच आसपास ते राहिले. परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब राहिले. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला उभ्या राहिलेल्या बी.डी.डी. चाळींत आपली हजारो माणसे वाढली. पुढे १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातील माणसे मुंबईच्या मोकळ्या जागांवर आणून सोडली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि तो फसल्यावर गिरणगावही विस्कटले. माणसे उपनगरांकडे सरकली. अंधेरी आणि घाटकोपर हा भाग १९५० साली बृहन्मुंबईत आला, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. त्या वेळी जी गावे शहराच्या टोकाला होती, तीच आज कष्टकऱ्यांची मुंबई आहेत.

आधी नकाशा समजून घ्या

ही चार उपनगरे दोन रेल्वेमार्गांवर आहेत. अंधेरी आणि बोरिवली पश्चिम रेल्वेवर, घाटकोपर आणि मुलुंड मध्य रेल्वेवर. मध्ये डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आडवे पडले आहे. त्यामुळे नकाशावर जवळ दिसणारे बोरिवली आणि मुलुंड प्रत्यक्षात फार लांब पडतात. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे आणि त्यातील बोगद्यांचे काम चालू आहे, पण न झालेल्या रस्त्याच्या भरवशावर घर घेऊ नये. आज पूर्व-पश्चिम जोडणारा खरा आधार म्हणजे वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो. ८ जून २०१४ रोजी ती सुरू झाली. जेमतेम साडेअकरा किलोमीटरच्या या मार्गाने घाटकोपरला राहून मरोळ, साकीनाक्याला कामाला जाणे सोपे केले.

म्हणून पहिला नियम असा की, घर पाहण्याआधी घरातील कमावत्या माणसांच्या कामाच्या जागा कागदावर लिहाव्यात. एकाच रेल्वेमार्गावर सगळ्यांचे जमत असेल तर उत्तम. दोन गाड्या, एक बस आणि वर शेअर रिक्षा अशी कसरत रोजची असेल, तर स्वस्त भाडेही महाग पडते. पैसा तर जातोच, शिवाय मुलांच्या अभ्यासाकडे पाहायला आईबापांना वेळ उरत नाही.

चार उपनगरे, चार स्वभाव

अंधेरी म्हणजे कामाचे आगर. मरोळची औद्योगिक वसाहत, १९७३ साली सुरू झालेले सीप्झ, विमानतळ, हॉटेले आणि असंख्य कार्यालये. चर्चगेटपासून सुमारे २२ किलोमीटर. हार्बरच्या गाड्याही येथून मिळतात. काम दाराशी, पण भाडेही तसेच. पूर्वेला साकीनाका, मरोळच्या बाजूला खोली पाहताना पावसाळ्याचा विचार आधी करावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. पश्चिमेला विलेपार्ल्याचे कूपर रुग्णालय हा मोठा आधार आहे.

बोरिवली चर्चगेटपासून सुमारे ३४ किलोमीटर. अंतर जास्त असले तरी येथून सुटणाऱ्या लोकल आहेत, म्हणजे सकाळी बसायला जागा मिळण्याची आशा. २०२२-२३ पासून अंधेरी-दहिसर पट्ट्यात मेट्रोचे दोन मार्गही चालू झाले आहेत. कोकणात जाणाऱ्यांना एस.टी. येथूनच मिळते. शेजारच्या कांदिवलीत महापालिकेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आहे, लोक त्याला शताब्दी म्हणतात. कामगार विम्याचे रुग्णालयही कांदिवलीतच आहे. चारकोप आणि गोराईला जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८०च्या दशकात आखलेल्या छोट्या भूखंडांच्या वसाहती आहेत. तेथील लहान सोसायट्यांत भाड्याची खोली अजून सामान्य माणसाच्या नजरेच्या टप्प्यात असते. मात्र राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून 'स्वस्तात खोली' कोणी दाखवली तर सावध राहावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७च्या आदेशानंतर उद्यानातील हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, हे विसरू नये.

घाटकोपर सी.एस.एम.टी.पासून सुमारे २० किलोमीटर. जलद गाडी थांबते, मेट्रो आहे, पूर्व द्रुतगती मार्ग आहे, राजावाडी रुग्णालय आहे. मराठवाडा-विदर्भाकडील गाड्यांसाठी कुर्ला टर्मिनस आणि दादर दोन्ही जवळ. पंतनगरची गृहनिर्माण मंडळाची वसाहत जुनी. आणि आपल्या दृष्टीने घाटकोपर म्हणजे माता रमाबाई आंबेडकर नगर. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या या वस्तीवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचा बळी गेला. या नगराचा पुनर्विकास आता एम.एम.आर.डी.ए. आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने हाती घेतला आहे. म्हणून तेथे खोली घेऊ पाहणाऱ्याने मालकाचे नाव पात्रतेच्या यादीत आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घाटकोपर पश्चिमेच्या टेकड्यांवर खोली स्वस्त मिळते, पण जुलै २००० मध्ये याच टेकडीवर दरड कोसळून साठाहून अधिक माणसे गाडली गेली. डोंगराच्या उतारावर, संरक्षक भिंतीला खेटून असलेली खोली फुकट मिळाली तरी नको.

मुलुंड हे मध्य रेल्वेवरील मुंबईचे शेवटचे स्थानक. पुढे ठाणे. रस्ते त्यातल्या त्यात मोकळे, महापालिकेचे अग्रवाल रुग्णालय आणि कामगार विम्याचे रुग्णालय येथे आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरील बरेच कारखाने बंद पडले, त्यामुळे पूर्वीसारखे घराजवळ काम मिळेलच असे नाही. ठाणे, वागळे इस्टेटला काम असणाऱ्यांना मात्र मुलुंड सोयीचे. येथील कचराभूमी २०१८ साली बंद झाली. त्याआधी त्या बाजूला कोणी फारसे फिरकत नसे, आता तेथेही भाडी वाढली आहेत.

'आडनाव काय?'

आता ज्या गोष्टीवर घरोघरी बोलले जाते पण छापले कमी जाते, तिच्याकडे वळू. खोली पसंत पडते, भाडे ठरते आणि मग दलाल हळूच विचारतो, "आडनाव काय?" किंवा "व्हेज की नॉनव्हेज?" दुसऱ्या दिवशी निरोप येतो, खोली कालच गेली. जात कोणी उघड विचारत नाही, पण उत्तर मात्र जातीवरूनच दिले जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेला एका महिलेला ती मराठी म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. नुसते मराठी असल्याने ही वेळ येते, तर मराठी आणि त्यातून बौद्ध असलेल्या कुटुंबाने काय सोसले असेल याचा विचार वाचकांनीच करावा.

हे दुखणे जुने आहे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. नाइलाजाने पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एवढ्या मोठ्या विद्वानाला नाव लपवूनही छप्पर लाभले नाही. मग आपण आडनाव बदलून, भिंतीवरचा फोटो कपाटात ठेवून किती दिवस राहणार? लहान मुलांना 'शेजारी सांगू नकोस' असे शिकवावे लागणे हे त्या खोलीचे सर्वांत मोठे भाडे असते.

कायदा काय म्हणतो? नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास अडवणे हा गुन्हा आहे. अडचण अशी की, नाकारणारा खरे कारण कधीच सांगत नाही. शिवाय २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम ग्राह्य धरला. तेव्हा कायद्याचे हत्यार आहे, पण ते पुराव्याशिवाय चालत नाही. खोली पाहायला जाताना दोघांनी जावे. दलालाशी झालेले बोलणे शक्य तो मोबाईलवर लेखी ठेवावे. जातीवरून उघड नकार मिळाला तर तोंड मिटून परत येऊ नये.

कागद पक्के तर घर पक्के

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असा समज आपल्या वस्त्यांत पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. मालकाला शिक्षाही होऊ शकते. डिपॉझिटची रक्कम या करारात लिहून घ्यावी, म्हणजे खोली सोडताना रडारड नको.

या कागदाचा दुसरा उपयोग अधिक मोठा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी असतात. अनुसूचित जातीच्या मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पण शाळा घराच्या जवळची लागते आणि रहिवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार कामी येतो. करार नाही तर शाळा नाही, इतका हा साधा हिशेब आहे.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० रोजी आपले वाडवडील कोठे राहत होते हे पाहिले जाते. त्यामुळे हा दाखला मूळ गावच्या तालुक्यातूनच काढावा लागतो. मुंबईत आल्यावर मुलाच्या प्रवेशाच्या वेळी गावाला धावाधाव करण्यापेक्षा, आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा आणि दाखला हातात घेऊनच गाडीत बसावे. रेशनकार्डाची मात्र तितकी घाई नाही, कारण आता देशात कोठेही त्याच कार्डावर धान्य घेता येते.

खोली विकत घेण्याचा मोह आवरावा. नोटरीच्या स्टँप पेपरवर झोपडी घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, १ जानेवारी २००० पर्यंतच्या झोपडीला पुनर्वसनात मोफत घर मिळते, २०११च्या १ जानेवारीपर्यंतच्या झोपडीला पैसे भरून मिळते आणि त्यानंतरच्या झोपडीला तसे संरक्षण नाही. त्यापेक्षा दोन-चार वर्षे भाड्याने राहून, रहिवासाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवून म्हाडाच्या सोडतीत अर्ज करावा. तेथे अनुसूचित जातींसाठी राखीव घरे असतात.

आपल्या वस्तीत की मिश्र वस्तीत?

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. काही म्हणतात, आपल्या माणसांतच राहावे. काही म्हणतात, वस्तीतून बाहेर पडल्याशिवाय मुले पुढे जात नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आमचे मत असे की, पहिली काही वर्षे बुद्धविहार चालत जाण्याच्या अंतरावर असावे. आजारपणात रात्री दोन वाजता रिक्षा आणणारा शेजारी, कामाची खबर देणारा दादा, मुलांना एकत्र बसवून अभ्यास घेणारी ताई ही माणसे तेथे भेटतात. विहार नुसत्या जयंतीपुरता उघडत असेल तर त्या वस्तीचा मोह धरू नये. रोज संध्याकाळी तेथे अभ्यासिका चालत असेल तर दोन पैसे जास्त भाडे देऊनही तेथेच राहावे.

आणि ही उपनगरे आपल्याला परकी नाहीत. अंधेरीला महाकालीची म्हणजे कोंडिविट्याची बौद्ध लेणी आहेत, बोरिवलीला मागाठाणे आणि कान्हेरी. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी डोंगरात कोरलेली आहेत. तेथील शिलालेखांत कल्याण, सोपाऱ्याहून आलेल्या दात्यांची नावे आजही वाचता येतात. त्या माणसांनी दगडावर आपले नाव कोरले, लपवले नाही.

तेव्हा डिपॉझिट देण्याआधी एवढे करा. कामाच्या वेळेला एकदा तो प्रवास स्वतः करून पाहा. पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, संडास घरात की बाहेर, हे घरातील बाईमाणसाने स्वतः जाऊन विचारावे. जवळची शाळा आणि दवाखाना पायी मोजा. पावसाळ्यात पाणी कोठपर्यंत चढते हे मालकाला नव्हे, शेजाऱ्याला विचारा. करार नोंदवा. आणि दारावर नावाची पाटी लावाल ती पूर्ण नावाची लावा.

जयभीम!