हरीचे चार हात आणि क्रमांची मोजदाद



संध्येंतील केशव, नारायण, माधव इत्यादि चोवीस नांवें आपणांपैकीं पुष्कळांस मुखोद्गत असतील. मूर्तिशास्त्रानें एकेका नांवास आयुधांची एकेक मांडणी नेमून दिली आहे. मांडण्या चोवीसच कां, तें पाहूं. हात चार आणि शंख, चक्र, गदा, पद्म हीं आयुधेंही चार. पहिल्या हातीं चारांपैकीं कोणतेंही देतां येतें. दुसऱ्यासाठीं तीन उरतात, तिसऱ्यासाठीं दोन, चौथ्यास शेवटचें एक. पहिल्या प्रत्येक निवडीबरोबर दुसऱ्या हाताच्या तीनही निवडी संभवतात, म्हणून येथें बेरीज नव्हे, गुणाकार करावयाचा: ४ × ३ × २ × १ = २४. ह्यासच क्रमचय म्हणतात.

भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें 'लीलावती'च्या अंकपाश प्रकरणांत हेंच उदाहरण घातलें. त्याच्याच जोडीला दहा हातांच्या शंभूचें. तेथें उत्तर येतें ३६,२८,८००! रोज एक मूर्ति घडविली तरी सुमारें ९,९४० वर्षें लागतील. ह्याच आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे.

आतां संभाव्यता. चोवीस मांडण्यांचीं चोवीस चित्रें पेटींत घालून डोळे मिटून एक काढलें, तर वरच्या दोन हातीं शंख व चक्र असण्याचा संभव किती? वरचे हात दोन प्रकारें, खालचे दोन प्रकारें, मिळून चार चित्रें. म्हणजे २४ पैकीं ४, अर्थात् एक षष्ठांश. परंतु हा अपूर्णांक घेऊन देवळांतील मूर्ति मोजूं लागाल तर फसाल. मूर्तिकार चिठ्ठ्या टाकून आयुधें देत नसतो. त्याच्या हातून सर्व मांडण्या सारख्याच संभवनीय नसतात. भागाकार करण्यापूर्वीं हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांस क्वचितच असते.

एक घरगुती उदाहरण. आमच्या लोह्याहून पांच मुलें माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेस गाडींतून निघालीं आणि चिठ्ठ्या टाकून एका ओळींत बसलीं. त्यांतील दोघे मित्र शेजारीं येण्याचा संभव किती? दोघांस एकच आसामी माना; मग चार जणांचे २४ क्रम. पण त्या दोघांत डावा कोण, उजवा कोण? म्हणून दुप्पट, ४८. एकंदर क्रम १२०. उत्तर दोन पंचमांश. पुष्कळ विद्यार्थी २४ वरच थांबतात व एक पंचमांश सांगतात.