फेसाच्या भिंतीतील प्रमाणविचार

वैशाखात ज्या नागपुरात पारा ४५ अंशांची मर्यादा सहज ओलांडतो, त्याच नागपुरातील शीतगृहांत संत्री सहा-सात अंशांवर राखावयाची असतात. आणि या दोन ऋतूंमधील सरहद्द पत्र्यांच्या दोन थरांमध्ये कोंडलेला पिवळसर, ताठर पॉलियुरेथेन फोम सांभाळीत असतो. त्याच्या १०० मिलिमीटर थराइतका उष्णतारोध विटांकडून मिळवावयाचा, तर भिंत सुमारे ३ मीटर जाड बांधावी लागेल.

१९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी दाखविलेल्या रसायनमार्गाने पॉलिओल व आयसोसायनेट हे दोन द्रव एकत्र येतात, अभिक्रियेच्या उष्णतेने मिश्रणातील फुगविणाऱ्या द्रवाची वाफ होते, आणि फेस काही मिनिटांतच घट्ट होतो. या फेसात प्लास्टिकचा वाटा आकारमानाने अवघा तीन टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे, खरा रोध बंद पेशींत अडकलेला वायू करतो. प्लास्टिकचे काम त्या वायूला कैदेत ठेवण्याचे.

म्हणूनच सारा हिशेब प्रमाणांचा आहे. आयसोसायनेट कमी पडले, तर जाळे अपुरे विणले जाऊन फोम मऊ राहतो व आक्रसतो, म्हणून ते गरजेहून ५ ते २० टक्के अधिक घेतात. योग्य उत्प्रेरकासह ते दुप्पट-तिप्पट केले, तर अग्निरोध वाढतो, परंतु ठिसूळपणाही पदरी येतो. पाणी त्याहून कावेबाज: एक किलो पाणी सुमारे १५ किलो आयसोसायनेट फस्त करून कार्बन डायऑक्साइड निर्माण करते, आणि हा वायू सायक्लोपेंटेन या फुगविणाऱ्या द्रवाच्या वाफेहून अधिक उष्णतावाहक तर आहेच, शिवाय पेशींच्या भिंतींतून लवकर निसटून हवेला जागा करून देतो. शंभर भाग पॉलिओलमागे लागणारे एक-दोन भाग सिलिकोन कमी पडले, तरी पेशी भरड होतात आणि उष्णतेच्या प्रारणाला वाट मिळते.

भारताने १ जानेवारी २०२० पासून ओझोनभक्षक एचसीएफसी-१४१बी या फुगविणाऱ्या द्रवावर बंदीचा अंमल सुरू केला, तेव्हा केवळ एक घटक बदलून भागण्यासारखे नव्हते; वाफेचे गुणधर्म बदलताच इतर सर्व प्रमाणे नव्याने मांडावी लागतात, आणि पर्यायी सायक्लोपेंटेन ज्वालाग्राही असल्याने कारखान्याची व्यवस्थाही बदलावी लागते.

तेव्हा शीतगृह बांधणाऱ्या बागाईतदाराने विक्रेत्याला थराची जाडी विचारून थांबू नये. घनता घनमीटरला ३५ ते ४० किलो आहे काय, आणि बंद पेशी ९० टक्क्यांहून अधिक आहेत काय, याचा चाचणी-दाखला मागावा, कारण सारख्याच जाडीचे दोन फलक विजेच्या देयकात फार निरनिराळे ठरू शकतात.