तळघराची खोदाई आणि शेजारची घरे

शहरांतून जागेची टंचाई वाढली, तशी इमारतीखाली तळघर बांधून वाहनांची सोय करण्याची पद्धत रूढ झाली. परंतु पणजीसारख्या मांडवीकाठच्या शहरात, सखल भागात थोड्याच खोलीवर पाणी लागते. तेथे असा खड्डा खणणे जिकिरीचे असते. कडा ढासळू नयेत म्हणून खोदाईपूर्वीच जमिनीत पाईलची भिंत उभारावी लागते.

ही भिंत म्हणजे यंत्राने भोके पाडून, त्यांत सळयांचे पिंजरे व काँक्रीट भरून केलेली खांबांची रांग होय. पाणथळ जागी हे खांब परस्परांत गुंतवितात. प्रथम एकाआड एक खांब बिनसळईच्या काँक्रीटचे भरतात. नंतर त्यांच्या कडा कापून मधले सळईचे खांब घालतात. आधीचे काँक्रीट फार कोवळे असेल तर कड ढासळते, फार कठीण झाले तर यंत्र बाजूला सरते.

गोव्यात अनेक ठिकाणी वर कठीण जांभा व खाली मऊ चिकणमाती आढळते. कठीण थरावर यंत्राचा रोख चुकतो. मऊ थरात भोक ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाईट मातीचे दाट पाणी भरून ठेवतात आणि काँक्रीट नळीने तळापासून वर भरत आणतात.

खरी कसोटी ओळंब्याची आहे. भारतीय मानक २९११ (२०१०) अन्वये उभ्या पाईलला सामान्यतः दीड टक्क्यापर्यंत कल चालतो. १२ मीटर खोलीवर तो १८ सेंटीमीटर होतो. शेजारचे दोन खांब विरुद्ध दिशांना तितके कलले, तर तळाशी त्यांच्यातील अंतर ३६ सेंटीमीटरनी वाढते व वर गुंतलेले खांब खाली सुटे होऊ शकतात. पायाच्या पाईलला चालणारी ही सूट पाणी अडविणाऱ्या भिंतीला परवडत नाही. फटीतून पाण्याबरोबर बारीक रेती वाहून येते, शेजारची जमीन खचते आणि भिंतींना तडे जातात. सतत पाणी उपसल्याने विहिरींची पातळीही उतरते.

म्हणून खोदाई टप्प्याटप्प्याने करावी व प्रत्येक टप्प्यावर भिंतीला आडवे टेकू द्यावेत. काम सुरू होण्यापूर्वी शेजारच्या घरांतील जुने तडे आणि विहिरींची पातळी यांची उभयपक्षी नोंद व्हावी. पुढे वाद उद्भवल्यास तीच उपयोगी पडते. झिरपणारे पाणी गढूळ दिसू लागताच खोदाई थांबवून अभियंत्यास कळवावे. गढूळ पाणी म्हणजे शेजाऱ्याच्या पायाखालची माती निघाल्याची खूण होय.