दुखऱ्या खांद्यास विश्रांती किती, व्यायाम कोणता?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. त्या दिवशी दगडाने फुटलेले डोके साऱ्या गावास दिसते. परंतु क्रिकेटचा चेंडू वर्षभर फेकून फेकून मुलाचा खांदा दुखू लागतो, ते कोणास दिसत नाही; संघातून नाव जाईल या भीतीने मुलगाही बोलत नाही. पांढुर्णा-सौंसरकडील पालकांकरिता त्याविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला मोठा चेंडू होय. त्यास जागेवर धरतात ते चार लहान स्नायू, आणि ती बशी ज्या फऱ्यावर आहे तो फरा सावरणारे पाठीचे स्नायू. वाढत्या वयात आणखी एक नाजूक जागा असते. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी कूर्चेची चकती असते व त्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ तेथूनच होते. रोज जोराने फेकल्यास पीळ बसतो तो तिलाच. बेसबॉल खेळणाऱ्या अमेरिकन मुलांमधील हे दुखणे डॉटर यांनी १९५३ साली वर्णिले.

आपल्याकडे यावर दोन उपदेश मिळतात. आखाड्यातील वडीलधारे म्हणतात, शंभर जोर काढ, दुखणे पळेल. आजी म्हणते, हात हलवूच नकोस. आमच्या मते आजी अर्धी तरी बरोबर आहे. फेकणे बंदच हवे; चकतीस इजा असेल तर बहुधा तीन महिने. पण हात गळ्यात बांधून ठेवला की स्नायू दुबळे होतात, आणि मैदानावर परतताच तेच दुखणे पुन्हा सुरू होते.

म्हणून प्रथम डॉक्टरांस दाखवावे. दोन्ही खांद्यांची क्ष-किरण चित्रे ताडून पाहिली म्हणजे चकती रुंदावली आहे काय ते कळते. रात्री झोपमोड करणारे दुखणे, सूज, ताप किंवा बोटांना मुंग्या असतील तर घरगुती प्रयोग नकोतच.

डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर व्यायाम अगदी साधे आहेत. ताठ बसून दोन्ही फरे मागे-खाली ओढून क्षणभर धरावेत. मग कोपर काटकोनात वाकवून, कोपर व बरगडी यांमध्ये टॉवेलची गुंडाळी धरावी आणि खिडकीच्या गजास बांधलेली रबरी पट्टी हळूहळू बाहेर ओढावी. परत येतानाही पट्टीस झटका देऊ नये. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टीही चालते. पुढे भिंतीस हात टेकून जोर. आखाड्याचे जोर त्यानंतर. कंबर व पाय यांचाही व्यायाम हवा, कारण फेकण्याचे बळ पायांतून वर येते. व्यायाम करताना खांदा दुखला तर एक पायरी मागे यावे.

दुखणे पूर्ण गेल्यावर फेकणे सुरू करावे तेही जवळून, हलक्या हाताने व एक दिवसाआड. अंतर व जोर आठवड्यागणिक वाढवावा. अमेरिकेतील मुलांच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये २००७ पासून चेंडू मोजले जातात: तेरा ते सोळा वर्षांच्या मुलास दिवसाला जास्तीत जास्त ९५. आपल्या मैदानांवर गोलंदाजाची षटके मोजतात. सरावातले आणि सीमेवरून फेकलेले चेंडू कोणी मोजत नाही. ते वडिलांनी एका वहीत लिहून ठेवावेत.